रोट घरचा, दुखणं माहेरचं

नळाचं पाणी अजून जायचं होतं, तोच गल्लीच्या तोंडाशी चिंधाच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला. वर्षाच्या हाताखालची कळशी भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही.

"उना का भाऊ?" ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी, कलाबाईंनी, हाक दिली. "दिपाले, आवर लवकर. त्याले मार्केटमा जानं ऱ्हास."

चिंधा सुरतेच्या पर्वत पाटियाकडच्या कापड मार्केटमध्ये साड्यांच्या पॅकिंगचं काम करायचा. कामावर जाण्याआधी वाट वाकडी करून तो पांडेसऱ्याला यायचा, कारण त्याच्या बहिणीला, म्हणजे वर्षाच्या धाकट्या जावेला, थायरॉईडसाठी डॉक्टरांना दाखवायचं असे. दिपाली इस्त्रीचा ड्रेस घालून बाहेर आली. चिंधाने आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतःच्या हाताने लावला.

तो पट्टा वर्षाच्या डोळ्यांत सलला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली, आणि मग कलाबाईंचं लक्ष नाही असं पाहून तिने सुपातले चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले. हल्ली तिला कच्चे तांदूळ खावेसे वाटत, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असे. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की अर्ध्या जिन्यात धाप लागायची. नखं कागदासारखी पांढरी पडली होती. पाळीच्या दिवसांत तर उभं राहवत नसे. पण हे सगळं सांगायचं कोणाला?

कारण त्या घरात, आणि खरं सांगायचं तर त्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत, एक रीत होती. खानदेशातून सुरतेला येताना माणसं आपली बोली, आपले देव आणि आपल्या रीती गाठोड्यात बांधून घेऊन आली. त्यातलं पुष्कळ उराशी धरण्यासारखं होतं. ही एक रीत मात्र वाटेतच टाकून द्यायला हवी होती. सून धडधाकट असेल तोवर सासरची. खोकला लांबला, ताप हटेना, अंगात कसर आली, की तिच्या माहेरी निरोप जायचा, "तुमनी अंडेर बिमार शे, लई जा." तुमची लेक आजारी आहे, घेऊन जा. भावाने यायचं, बहिणीला न्यायचं, दाखवायचं, बरी करायची आणि आणून सोडायची. मग ती पुन्हा चुलीपुढे बसायची. रीतीला नावही गोड दिलेलं होतं. म्हणे हा माहेरचा मान. सासरच्यांनी सुनेला परस्पर दवाखान्यात नेलं तर भावाला कमीपणा येतो!

वर्षाला भाऊ नव्हता. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि गावच्या घराला कुलूप लागलं. एकदा आरोग्य केंद्राची बाई घरोघरी फिरत आली होती. वर्षाकडे बघून म्हणाली, "बेन, तुमचा चेहरा फार फिका दिसतो, एकदा रक्त तपासून घ्या." कलाबाईंनी दारातच उत्तर दिलं, "इन्हा माहेरले कळाडसूत."

कोणाला कळवणार होत्या कोण जाणे. कुलपाला?

नवऱ्याला, वाल्मिकला, तिने एकदा सांगून पाहिलं. तो मिलमधून रंगलेल्या हातांनी आला होता, जेवत होता. म्हणाला, "आईला विचारून बघतो." आईला विचारलं असेल किंवा नसेल. कलाबाईंचा डावा कान तरुणपणीच गेला होता, आणि नको असलेली गोष्ट त्या नेमकी त्याच कानाने ऐकायच्या. आपण होऊन एकटं जावं, तर सगळी गल्ली म्हणणार की वाल्मिकच्या बायकोला विचारणारं कोणी उरलं नाही. ते कोणी म्हणू नये यासाठी ती जिन्यात थांबून थांबून चढत होती.

दिपाली परत आली ती नारळपाणी पिऊन. चिंधाने खमणचा पुडाही दिला होता.

"काय म्हणाले डॉक्टर?" वर्षाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"सुधरतंय म्हणे. गोळी चालू ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या, आणि मग थोडा वेळ चहा नाही, काही नाही."

"बरं आहे बाई. आम्ही चुलीजवळ, आणि राणीसाहेब गोळी घेऊन बसलेल्या."

दिपाली हसली. ते हसणं वर्षाला चापट मारल्यासारखं लागलं.

रोज पहाटे वर्षा देवापुढे निरंजन लावी. हात जोडताना मनात कोणाचं वाईट आणू नये, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. पण देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीशेजारीच, दिपालीची पांढऱ्या गोळ्यांची छोटी बाटली असे. निरंजनाच्या उजेडात देवाआधी ती बाटलीच चमके. वर्षा बघायची. दिपालीच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, केस गळायचे थांबले होते, गाल भरले होते. सगळं या एवढ्याशा गोळीने? एका पहाटे तिने झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली आणि तीर्थ घ्यावं तशी घेतली.

मग ते रोजचंच झालं. देवाला नमस्कार, आणि एक गोळी.

थोड्याच दिवसांत तिची छाती धडधडू लागली. हात बारीक थरथरायचे. झोप उडाली. तिला वाटलं, ताकद येते आहे. इतके दिवस अंगात काही नव्हतं, आता आलंय म्हणून ते असं उड्या मारतंय.

श्रावण लागला. नागपंचमी झाली, आणि रविवारी खानदेशाची देवी कानबाई बसायची होती. घर धुऊन निघालं. चौरंगावर नारळाची कानबाई सजली. तिला डोळे लावले, नथ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. त्याआधी रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायला कलाबाई परातीपुढे बसल्या. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचा, ही त्यांच्या घराची चाल.

"ही वाल्मिकनी मूठ. ही लखननी." लखन म्हणजे धाकटा मुलगा, दिपालीचा नवरा. "ही मन्ही. ही वर्षानी, ही दिपालीनी."

"आणि दिपालीच्या भावाची?" लखनने चेष्टा केली. "रोजचा इथेच असतो तो."

"चूप ऱ्हाय!" कलाबाईंनी कानाला हात लावला. "रोट घरना ऱ्हास. भायेरनाले एक घास चालत नही. लगीन करी दिधेल अंडेरले चालत नही, नि त्याले कसा चाली?"

आपलं नाव मुठीत आलं तेव्हा वर्षाला बरं वाटलं. कानबाईच्या परातीत तरी आपण आहोत.

सोमवारी सकाळी विसर्जन. चिंधाने ओळखीच्या माणसाचा टेम्पो आणला होता. वाजतगाजत सगळे तापीवर पोचले. गावाकडून वाहत येते तीच तापी, म्हणून कलाबाई पाण्याला हात लावण्याआधी नमस्कार करायच्या. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान मोठ्या सुनेचा. वर्षाने पदर खोचला, चौरंग उचलला आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागली. दिपाली मागून बघत होती. तिच्याकडे पाठ असूनही वर्षाला ते जाणवलं, आणि फार दिवसांनी तिची मान ताठ झाली. हेल्मेट तुझ्या डोक्यावर, पण देवी माझ्या!

चौथी की पाचवी पायरी असेल. छातीत घोडा उधळावा तशी धडधड सुरू झाली. नदी पांढरी झाली, मग काळी. ती खाली बसली ते तिला कळलं नाही. चौरंग कलंडला, आणि मागून दिपालीने झेप घेऊन एका हाताने देवी धरली, दुसऱ्याने वर्षाचा दंड.

बायकांचा ओरडा झाला. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा आणा म्हणालं. कलाबाईंचा चेहरा मात्र भीतीने वाकडा झाला होता. "देवी पडती व्हती व माय, देवी पडती व्हती!"

विसर्जन कसंबसं आटोपलं. घरी आल्यावर वर्षाला भिंतीला टेकवून बसवलं. पानं वाढली. श्रावणी सोमवारचा उपास त्या दिवशी रोटानेच सुटायचा. चिंधाला रोट चालत नव्हता, म्हणून तो ओट्यावर चहाचा कप घेऊन बसला होता.

"इले डॉक्टरले दाखाडनं पडी," वाल्मिक हळूच म्हणाला.

कलाबाईंनी थोडा विचार केला, आणि त्यांना वाट सापडली. त्या दाराशी गेल्या. "चिंधा, भाऊ, तू दिपालीले लई जास ना, तशी इले बी लई जाय. इले भाऊ नही. तुन्हीच बहीण समज."

चिंधाने कप खाली ठेवला. तो 'नाही' म्हणाला नाही. नुसता बहिणीकडे बघू लागला. आणि वर्षाने दिपालीचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता. भर गल्लीत पदर सरकावा तशी लाज होती.

"त्याला नका सांगू, आत्याबाई," दिपाली म्हणाली. "मला नेतो तेच पुष्कळ आहे. घरी वहिनी बोलते त्याला. 'लग्न लावून दिलं तरी बहीण गाडीवरच,' असं. मागच्या वेळी तर माझ्या तोंडावर म्हणाली. दर वेळी हेल्मेट घालते ने, ते डोकं वाचावं म्हणून नाही. वाटेत वहिनीच्या ओळखीच्या कोणाला तोंड दिसू नये म्हणून."

वर्षा ऐकत राहिली. जो पट्टा इतके महिने तिच्या डोळ्यांत सलत होता, त्याच्या आत ही लाज होती? ज्या गाडीवर आपल्याला एकदा तरी बसायला मिळावं म्हणून ती झुरली, त्या गाडीवर दिपाली तोंड लपवून बसत होती! दोघींमध्ये एकीला माहेर होतं आणि एकीला नव्हतं, एवढंच तिने पाहिलं होतं. सासर दोघींनाही नव्हतं, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"जेवा आते," कलाबाई म्हणाल्या. "मंग देखसूत. वर्षा, घास घे, बरं वाटी."

वर्षाने पान पुढे सरकवलं. "मी रोट खाणार नाही, आत्याबाई."

रोट नाकारणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. रोट टाकता येत नाही, बाहेर देता येत नाही. पुनवेच्या आत घरच्या माणसांनीच तो संपवावा लागतो. एकाही माणसाने हात आखडला तर देवीचं करणं अपुरं राहतं.

"काय बोलस तू? येडी व्हयनी का?"

"रोट घरच्या माणसाने खायचा ना? मग मी घरची आहे का, ते आधी सांगा. काल तुम्ही माझ्या नावाची मूठ काढली तेव्हा मी घरची होते. आज आजारी आहे, तर चिंधाभाऊची बहीण झाले. त्या बिचाऱ्याला रोटाचा तुकडा चालत नाही, पण आमची दुखणी चालतात. आणि मला रोट चालतो, पण माझं दुखणं या घराला चालत नाही. असं कसं हो? कानबाई काय अर्धी सून जेवायला बोलावते?"

एवढं बोलून तिला धाप लागली. आवाज मोठा नव्हता. ती कधी मोठ्याने बोलली नव्हती आणि आताही बोलली नाही. पण कलाबाईंच्या उजव्या बाजूला बसून बोलली होती, त्यामुळे न ऐकण्याची सोय नव्हती.

दिपालीने आपलं पान उचललं आणि वर्षाच्या पानाशेजारी नेऊन ठेवलं. "मग माझंही राहू द्या."

"दिपाले!" लखन म्हणाला.

"तुम्ही खा. तुम्ही घरचे आहात."

वाल्मिकच्या हातातला घास हातातच राहिला. कलाबाई उठल्या, पुन्हा बसल्या. रोटावर फडकं झाकलं, परत काढलं. त्यांना सुनांची भीती वाटत नव्हती, देवीची वाटत होती. घाटावर कलंडलेला चौरंग त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग त्या रोटाकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा बोलू लागल्या.

"नवी नवी लगीन व्हईसन उनू, नि मन्हा कान वाहाले लागना. ठणका आसा, की रात-रात बठी ऱ्हाऊ. सासूनी भाऊले निरोप धाडा. त्यानं शेत काढानं चालू व्हतं. भाऊ उना, नही आसं नही. पन तवलोंग कान गया व्हता." त्यांनी डाव्या कानावर तळवा ठेवला. "मले कोनी लई गयं नही. मंग मी यासले काब्र लई जाऊ, आसं वाटे मले. दिपाली गाडीवर बठे, नि मन्हा पोटमा आग पडे."

वर्षाने मान वर केली. ती आग तिच्या ओळखीची होती. या घरात सासूकडून सुनेकडे दागिने आले नव्हते, हीच एक वस्तू आली होती.

कलाबाईंनी डोळे पुसले, आणि लगेच आवाज चढवला. "देखी काय ऱ्हायनात सगळा? वाल्मिक, रिक्षा बलाव. वर्षा, ऊठ. मी येस संगे."

निघताना दिपालीने देवघराच्या फळीवरची बाटली उचलून वर्षाच्या पिशवीत टाकली. "डॉक्टर विचारतील, काय काय घेता म्हणून. दाखवावी लागेल."

वर्षा दारातच थांबली. "तुला ठाऊक होतं?"

"बाटली लवकर हलकी व्हायला लागली ने."

"मग बोलली का नाहीस गं?"

दिपाली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "या घरात मोठी तुम्ही. देवीचा चौरंग तुमचा, किल्ल्या तुमच्या. माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती जी तुम्हाला हवी होती. मला बरं वाटायचं, ताई. वाईट आहे, पण वाटायचं."

वर्षाने दिपालीचा हात धरला, आणि तो धरूनच ती रिक्षापर्यंत चालत गेली.

वस्तीजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रांग फार नव्हती. नर्सने खिडकीतून विचारलं, "साथे कोण छे?"

कलाबाईंनी उजवा कान पुढे केला. प्रश्न नीट ऐकला. मग छाती पुढे काढून म्हणाल्या, "मी शे. इन्हा घरनं मानूस."

तरुण डॉक्टरीणबाईंनी वर्षाच्या डोळ्याची पापणी खाली ओढली, नखं दाबून पाहिली. "बेन, लोही बहु ओछुं छे. इतके दिवस काय करत होता?" बाटली पाहून मात्र त्या रागावल्या. दुसऱ्याची गोळी अशी घेतात का? रक्त कमी असताना हृदयाला आधीच ओझं, त्यात ही गोळी. घाटावर बसली ती पाण्यात पडली असती तर? ती गोळी त्यांनी त्याच क्षणी बंद करायला सांगितली. रक्त तपासायला घेतलं, छातीचा आलेख काढला, लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीचा त्रास का होतो ते पाहण्यासाठी पुन्हा बोलावलं. "वेळेवर आलात. हे बरं होणारं आहे," त्या म्हणाल्या.

बरं होणारं! एवढ्याशा गोष्टीसाठी ती वर्षभर जिन्यात धापा टाकत होती.

मग नर्सचं लक्ष कलाबाईंकडे गेलं. "बा, तुमचंही प्रेशर बघू या." कलाबाई 'नको नको' म्हणत होत्या तोवर दंडाला पट्टा गुंडाळून झाला होता. नर्सने काटा पाहिला, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर उठून आल्या. पुन्हा पट्टा, पुन्हा काटा. कलाबाईंना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, कोणी पाणी आणलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारत होतं, "डोकं दुखतं का? चक्कर येते का? कान कधीपासून ऐकू येत नाही?"

वर्षा बाजूच्या बाकावर बसून बघत होती, आणि तिच्या पोटात ती जुनीच आग उठली. आजारी मी, आणि कौतुक यांचं! तिचं तिलाच हसू आलं. इतकं, की दिपालीने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. जातं जातं म्हणतात, पण लगेच जात नाही हे."

संध्याकाळी रोटावरचं फडकं निघालं. तो कोरडा झाला होता, दुधात बुडवून खावा लागला. कलाबाईंनी पहिला घास वर्षाला दिला, दुसरा दिपालीला.

पुढच्या खेपेला हॉर्न वाजला तेव्हा कलाबाई ओट्यावरच होत्या. "ये चिंधा, चहा पी. पन दिपालीले आज लखन लई जाई. तू भाऊ शेस, भाऊगत ये. आमना घरनं दुखनं आमी देखसूत."

चिंधा क्षणभर गोंधळला. मग त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. "मग आता हॉर्न कशाला वाजवू, मावशी?"

"वाजाडू नको. एकच कान शे मन्हा, तो ऱ्हाऊ दे."

शेजारच्या दोन बायका दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांतली एक बराच वेळ तिथून हलली नाही.

वर्षा अजूनही पहाटे निरंजन लावते. फळीवर आता तीन जणींची औषधं असतात, जिची तिची वेगळी. जेवण झालं की आतून दिपालीची हाक येते, "ताई, गोळी झाली?" एवढाच प्रश्न. पण तो ऐकायला तिने किती वाट पाहिली होती!

कानबाई पुढच्या श्रावणात पुन्हा येईल. घरोघरी पराती मांडल्या जातील, माणसागणिक मुठी निघतील. ज्यांची नावं घेऊन आपण गहू काढतो, त्यांचं दुखणं आपण कोणाच्या दारात ठेवून आलो आहोत, हे मूठ भरण्याआधी एकदा आपापल्या देवघरापुढे उभं राहून आठवावं. देवी काही विचारत नाही. बघत मात्र असते.